विषय : सव्वा तासाची 'थेट' बस आणि 'प्रवास पूर्ण' हा खोटा शेरा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

सांगली, ९ जुलै २०२५

महोदय,

सोमवारी, म्हणजे एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, तुमच्या प्रवास कंपनीच्या माणसाशी सेहेचाळीस मिनिटं बोलून फोन ठेवला, तेव्हाच हे पत्र लिहायचं ठरवलं होतं. रागाच्या भरात लिहू नका, असं सौ. म्हणाल्या, म्हणून दोन दिवस थांबलो. राग काही उतरला नाही. जाहिरातीत तुम्ही 'मराठीतून चोवीस तास मदत' छापता, तेव्हा पत्रही मराठीतच लिहितो आहे.

१४ जूनचं आमचं जोड तिकीट तुमच्या दप्तरी असेलच. सिंगापूरच्या क्वीन स्ट्रीटहून सकाळी ८.३०ची 'थेट' बस, ती पुलापलीकडे मलेशियातल्या जोहोर बारूच्या सेनाई विमानतळापर्यंत, आणि तिथून दुपारी १.५०चं पेनांगचं विमान. दोघांचे मिळून ११,६४० रुपये. त्यात बसचे २,४८० आणि 'सीमा-साहाय्य' या नावाखाली ६००. त्याच दिवशी सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून पेनांगला दोघांचे २१,४०० पडत होते. चांगीहून निघणाऱ्या माणसामागे विमानतळाची नुसती फीच साठ सिंगापुरी डॉलरच्या वर जाते, आणि सेनाई ते पेनांग म्हणजे मलेशियातल्या मलेशियात. सिंगापुरातले लोक म्हणून पूल ओलांडून सेनाई गाठतात, आमची लेक आणि जावईही गाठतात. आमच्याकडे नाही का, स्वस्त तिकीट दिसलं की कोल्हापूरकर बेळगाव नाहीतर गोवा धरतो. कल्पना चांगलीच आहे. तुम्हाला ती चालवता येत नाही, एवढंच.

लेक म्हणाली होती, बाबा, वुडलँड्सच्या सीमा-नाक्याहून तेब्राऊ शटल रेल्वेने जा. पाच डॉलर तिकीट, पाच मिनिटांत पलीकडे, आणि दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी गाडीत बसायच्या आधीच. पण जूनमध्ये सिंगापुरात शाळांना सुट्टी, त्या शनिवारची तिकिटं केव्हाच संपलेली. म्हणून तुमच्याकडे आलो. 'सव्वा तास, सीट पक्की, उतरायची कटकट नाही' हे तुमचं वाक्य मी जपून ठेवलं आहे.

उतरायची कटकट नाही! अहो, त्या पुलावरून बसने जाणारा प्रत्येक माणूस दोनदा उतरतो. वुडलँड्सला सामानासकट उतरायचं, सिंगापूरची पासपोर्ट तपासणी उरकायची, खाली येऊन पुन्हा बस धरायची, पूल ओलांडायचा, की परत उतरायचं, मलेशियाचा शिक्का. पूल साधारण एक किलोमीटरचा. १९२४ साली खुला झालेला. इतक्या वर्षांत जे बदललं नाही ते तुमच्या जाहिरातवाल्याला कुणी सांगितलं नसावं. त्यातून शनिवार आणि शाळेची सुट्टी. अशा दिवसांत रांगा लागतात हे तिथलं इमिग्रेशन खातं दर सुट्टीआधी स्वतः जाहीर करतं.

९.२०ला वुडलँड्सला उतरलो. ड्रायव्हरने एक शब्दही सांगितला नाही. वरची रांग संपवून खाली आलो तेव्हा १०.३५ झाले होते. सौ.चे गुडघे कसे आहेत ते मी सांगत बसत नाही. बस नव्हती. बस वीस मिनिटंच थांबते आणि मग निघून जाते, हे तुमच्या अटींमध्ये अकराव्या कलमात, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात आहे, ते मला नंतर कळलं. एक वेळ तेही मान्य. तिथली नेहमीची शहर बस तरी कुठे थांबते? पण १७० नंबरची एक गेली तर मागची १७० कुणालाही घेते, तिथल्या पोराबाळांना हे ठाऊक आहे. तुमची मागची बस कुठली? नाहीच. दिवसात एकच फेरी.

आता नीट वाचा, कारण माझी खरी तक्रार ही आहे. १०.३७ला मी तुमच्या चोवीस तास मदतीला फोन लावला. ताई म्हणाल्या, "बस पाच मिनिटांत परत येतेय, जागा सोडू नका." १०.५२ला परत लावला. "ट्रॅफिकमध्ये आहे सर, जागा सोडू नका." ११.१०ला तिसऱ्यांदा. "अगदी जवळ आहे." धुराने भरलेल्या त्या फलाटावर आम्ही ११.२५पर्यंत उभे होतो. परत यायला ती बस काय विठ्ठलाच्या दर्शनाला गेली होती? ती केव्हाच पुलापलीकडे निघून गेली होती, आणि तुमच्या ऑफिसात ते कुणाला माहीत नव्हतं, किंवा माहीत होतं. दोन्हींतलं काय ते तुम्हीच ठरवा. शेवटी शेजारच्या रांगेतल्या एका तमिळ बाईंनी मोडक्या हिंदीत सांगितलं, "अंकल, १७० पकडो, कार्ड टॅप करो, बस." लेकीने दिलेलं बसचं कार्ड खिशात होतं म्हणून निभावलं. ६०० रुपयांचं सीमा-साहाय्य ते हेच असावं, फक्त त्या बाईंनी पैसे घेतले नाहीत.

११.४५ला १७०मध्ये शिरलो. एक किलोमीटरला अर्धा तास. गाड्या इतक्या तुंबल्या होत्या की काही माणसं बॅगा ओढत पुलावरून चालत निघालेली खिडकीतून दिसत होती. पलीकडचा शिक्का उरकून १२.४५ला जोहोर बारूच्या स्टेशनाशी, तिथून टॅक्सी, ५८ रिंगिट. सेनाई तिथून तीस किलोमीटर. पोचलो १.२०ला. काउंटर १.०५ला बंद झालं होतं.

पंधरा मिनिटं. आणि तुमच्या ताईंनी आम्हाला उभं केलं पन्नास मिनिटं. शाळेतला गणिताचा पेपर असता तर पाचवीतल्या पोराने सोडवला असता.

रात्रीच्या विमानाची दोन तिकिटं जागेवर काढली, ४९८ रिंगिट. टॅक्सी धरून ५५६. रिंगिटला वीस रुपये धरले तर ११,१२०. म्हणजे तुमचं स्वस्त तिकीट आम्हाला २२,७६०ला पडलं. चांगीहून सरळ गेलो असतो तर १,३६० रुपये वाचले असते आणि दुपारी पेनांगला जेवलो असतो.

आता सोमवारचा फोन. आधी दोन ई-मेल, तीन फोन झाले होते, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून कीर्तन. हे महाशय 'वरिष्ठ' होते. आवाजावरून पंचविशीतले.

ते म्हणाले, "सर, सिस्टिममध्ये तुमचा स्टेटस 'प्रवास पूर्ण' दाखवतोय. परतावा बसत नाही."

मी म्हणालो, "बस आम्हाला वुडलँड्सला टाकून गेली. पूर्ण कसा होईल?"

"क्वीन स्ट्रीटला तुमचं तिकीट स्कॅन झालंय ना सर? आणि बस सेनाईला पोचलीय. म्हणजे पूर्ण."

"बस पोचली. आम्ही नाही."

"सिस्टिमप्रमाणे तुम्ही पोचलात, सर."

मी विचारलं, "मग त्या दिवशी अकरा वाजून दहा मिनिटांनी वुडलँड्सहून तुमच्याच नंबरवर कोण बोलत होतं? माझं भूत?"

थोडा वेळ टकटक ऐकू आली. मग, "सर, रांगेमुळे उशीर झाला असं तिथल्या इमिग्रेशनकडून लेखी आणलंत तर मी केस वर पाठवू शकतो."

सिंगापूरच्या इमिग्रेशनकडून. लेखी. की आमच्याकडे रांग होती. मी सांगलीत बसलोय. त्या खिडकीवरच्या साहेबाला मी काय सांगू, साहेब, माझ्या नावाने रांगेचा एक दाखला द्या, तहसीलदारासारखा?

हे मी म्हणालो, तर त्यांनी 'सर' सोडलं आणि 'काका' धरलं. "काका, टेन्शन नका घेऊ. पहिल्यांदाच बाहेर गेला होता का? बॉर्डरवर ना, जरा भराभर चालायचं असतं."

भराभर चालायचं असतं. हे वाक्य मी दोनदा लिहिलंय, कारण ते मला रात्री झोपेतही ऐकू येतं.

व्यवस्थापक साहेब, मी एसटीत ३१ वर्षं काढली, शेवटची चौदा वाहतूक नियंत्रक म्हणून. पंढरपूरला यात्रेची ड्यूटी केली आहे, जिथे एका फलाटावर तुमच्या वर्षभराच्या प्रवाशांहून जास्त माणसं उभी असतात. आमचा कंडक्टर डबल बेल द्यायच्या आधी मागे वळून सीट मोजतो. हॉटेलच्या थांब्यावर एखादी म्हातारी चहा घेत राहिली तरी अख्खी गाडी ओरडते, 'ओ मास्तर, थांबा!' आणि मास्तर थांबतात. सीमा म्हणजे काय, हे सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला तर शिकवूच नका. सीमावाद पेटला की आमच्या गाड्या बेळगावच्या अलीकडे थांबवाव्या लागतात. तेव्हा नियंत्रक काय करतो? स्टँडवर भोंग्यावरून सांगतो की गाडी पुढे जाणार नाही, ज्याला परतावा हवा त्याने खिडकीवर यावं. 'पाच मिनिटांत येतेय, जागा सोडू नका' असं सांगून माणसं उन्हात उभी करत नाही. असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्याला खुलासा लिहावा लागला असता. तुमच्याकडे खुलासा आम्ही लिहायचा, तोही इमिग्रेशनच्या सहीशिक्क्यानिशी.

सीमा-साहाय्याबद्दल एक राहिलं. ६०० रुपयांत आम्हाला दोन पानांची एक फाइल आली. पहिल्या पानावर 'पासपोर्ट जवळ ठेवा'. दुसऱ्यावर पेनांगच्या समुद्राचा फोटो. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड जायच्या आधीच्या तीन दिवसांत भरावं लागतं, त्याचा त्यात उल्लेखसुद्धा नव्हता. ते लेकीने भरलं. नाहीतर मलेशियाच्या काउंटरवर आणखी एक यात्रा भरली असती.

तुमच्यावर मी विश्वास का टाकला, तेही सांगतो. तुमच्या जाहिरातीत धोतर-टोपीतले आजोबा विमानाच्या खिडकीत बसलेले आहेत. सौ.ला ते चित्र फार आवडलं होतं. आपली माणसं आहेत, अडलं-नडलं तर आपल्या भाषेत बोलतील, असं त्या म्हणाल्या. बोललात खरे. तीन वेळा, शुद्ध मराठीत, खोटं.

माझ्या मागण्या. विमानाची नवी तिकिटं आणि टॅक्सीचे ११,१२०, बस आणि सीमा-साहाय्याचे ३,०८०, एकूण १४,२०० रुपये. आमच्या बुकिंगवरचा 'प्रवास पूर्ण' हा शेरा पुसून 'प्रवाशांना वुडलँड्सला सोडून बस गेली' असं लिहावं. हसू नका, पैशांइतकीच ही मागणी मला महत्त्वाची आहे. मी आयुष्यभर लॉगशीट तपासल्या आहेत, खोटी नोंद माझ्या नावावर राहणं मला चालणार नाही. आणि १४ जूनच्या तीन फोनांचं रेकॉर्डिंग जपून ठेवावं. 'हा कॉल रेकॉर्ड होत आहे' हे तुमच्याच बाईंनी तीनदा सांगितलं आहे.

पंधरा दिवस वाट बघतो. २४ जुलैपर्यंत पैसे आले नाहीत तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो. ग्राहक राहतो तिथे तक्रार दाखल करता येते, तेव्हा तुमचं मुख्य कार्यालय कुठल्याही शहरात असो, तारखेला सांगलीला यावं लागेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील मी लावणार नाही, वेळ भरपूर आहे. तुमच्या वकिलाला मात्र येताना 'थेट' बसने या म्हणून सांगा.

मला परत फोन करू नका. जे काय असेल ते लेखी कळवा.

आपला,
(निवृत्त वाहतूक नियंत्रक)
सांगली

सोबत : जोड तिकिटाची पावती, नव्या तिकिटांची पावती, टॅक्सीची पावती, पासपोर्टवरील मलेशियाच्या शिक्क्याची प्रत, सीमा-साहाय्याची दोन पानं (समुद्रासकट).

ता. क. : पत्र पाकिटात घालता घालता लेकीने तुमची नवी जाहिरात पाठवली. ९ ऑगस्टची तीच ८.३०ची बस, तेच 'सव्वा तास, उतरायची कटकट नाही'. ९ ऑगस्ट हा सिंगापूरचा राष्ट्रीय दिन, त्यातून शनिवार. आमचे पैसे द्यायचे तेव्हा द्या, पण त्या दिवशीच्या प्रवाशांना आजच कळवा की वुडलँड्सला बस वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, आणि ती गेली तर तिची वाट न बघता १७० धरायची.