मुग्धास पत्र : पहिला कॅमेरा

चिपळूण

चि. मुग्धास,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली जाहिरात पाहिली. कॅनन १५००डी, दोन लेन्स, बॅग आणि कार्ड फुकट. तो घेऊ नकोस. लगेच तोंड पाडू नकोस, कारण सांगतो.

पुढच्या सत्रात तुम्हाला स्टुडिओ लायटिंग आहे, असं तूच म्हणालीस. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जागा असते ना, हॉट शू, तिच्या मधोमध एक पिन असते. स्टुडिओतले लाइट उडवणारे साधे ट्रिगर त्या पिनेवरच चालतात. १५००डीमध्ये कंपनीनं ती पिनच काढून टाकली आहे. आधीच्या १३००डीला होती! म्हणजे तू बटण दाबणार आणि कॉलेजचे लाइट ढिम्म. कॅननच्याच ३०००डीचीही तीच गत, वर लेन्स अडकते ती कडीसुद्धा प्लास्टिकची.

दुसरं कारण आपल्या घरातलं आहे. २२ जुलै २०२१च्या पुरात आपल्या फोटोच्या दुकानात पाणी शिरलं तेव्हा दोन्ही बॉड्या (म्हणजे लेन्सशिवायचे कॅमेरे), फ्लॅश, प्रिंटर, सगळं चिखलात गेलं, हे तू पाहिलंसच. पण माझी निकॉनची ५० मिमी १.८ डी लेन्स त्या वेळी दुकानात नव्हती. घरी माळ्यावर स्टीलच्या डब्यात होती, सिलिका जेलच्या पुड्या घालून. काल काढली, मोबाइलचा टॉर्च मागून मारून पाहिली. काच स्वच्छ, बुरशीचं जाळं नाही. कोकणातल्या पावसाळ्यांतून लेन्स अशी निघणं म्हणजे नशीबच.

ती वापरायची तर बॉडी निकॉनचीच हवी, आणि तीही बघून. या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. ती बॉडीत असावी लागते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती नसते. त्यांवर ही लेन्स बसेल, पण फोकस हातानं करावा लागेल. डी७०००मध्ये मोटर आहे. म्हणून माझं म्हणणं : जुना डी७००० घ्यायचा, जमलं तर डी७१००. डी७००० आला २०१०मध्ये, १६ मेगापिक्सेलचा. तुझ्या मैत्रिणी हसतील, हसू देत. अंगठ्याखाली एक चाक, तर्जनीखाली दुसरं. शटरचा वेग एकानं, ॲपर्चर (लेन्सचं उजेड घेणारं भोक) दुसऱ्यानं, डोळा न हलवता. स्वस्तातल्या बॉड्यांना एकच चाक असतं, दुसऱ्या कामासाठी बटण दाबून धरावं लागतं. शिकताना हाताला जी सवय लागते ती सुटत नाही. मी वीस वर्षं लग्नं काढली, मला विचार.

आणि प्रकाश. कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स मधल्या झूमवर साधारण ४.५पर्यंत उघडते, ही १.८पर्यंत; आकडा लहान तितकं भोक मोठं. सहापट उजेड आत येतो. आजी चुलीपुढे बसलेली असताना फ्लॅश न मारता फोटो निघेल. फक्त या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ५०ची लेन्स ७५सारखी, म्हणजे जास्त जवळचं दाखवते, त्यामुळे खोलीत मागे सरकायला भिंत आडवी येईल. तेवढ्यासाठी एक जुनी १८-५५ची झूम लेन्स घेऊ, ती थोड्या पैशांत मिळते.

तीस हजार बाजूला काढलेत. हप्त्यांचं नाव काढू नकोस. पुरानंतरचे हप्ते कसे फेडले ते आईला विचार. (आई म्हणते, मुलीला जुनी वस्तू काय द्यायची. तिला तू समजाव, माझं ती ऐकत नाही.)

पूर्वी मी स्वतः एकदा फसलो आहे. बॉडी चकचकीत होती म्हणून घेतली, घरी आल्यावर लेन्समध्ये बुरशी दिसली. म्हणून या वेळी बघायचं ते नीट बघू. निकॉनच्या जेपीजी फाइलमध्येच शटर किती वेळा उडालं तो आकडा असतो. दुकानातच एक फोटो काढून लॅपटॉपवर उघडायचा. या बॉडीचं शटर दीड लाखापर्यंत तपासलेलं आहे. लग्नवाल्याचा कॅमेरा नको. एका लग्नात दोन-तीन हजार फोटो सहज पडतात. कुणा हौशी माणसानं चार सहलींत वापरून कपाटात ठेवलेला मिळाला तर बघ. मग ॲपर्चर १६वर नेऊन पांढऱ्या कागदाचा फोटो. त्यात दिसणारे काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची पुसून जाणारी धूळ असेल तर चालेल, ओरखडा असेल तर उठायचं. स्क्रूंवर गंज दिसला तर भावच विचारायचा नाही.

शनिवारी तुतारी एक्सप्रेसनं सकाळी दादरला उतरेन. साडेदहाला सीएसएमटीच्या बाहेर थांब, तिथून कॅमेऱ्यांच्या दुकानांच्या बोरा बझारात चालत जाऊ. लॅपटॉप आणि एक रिकामं कार्ड आण. दुकानदारापुढे आवडल्यासारखं तोंड करू नकोस, भाव मी करतो. लेन्स मी शर्टाच्या खिशात घालून आणतोय. आईनं दिलेल्या कुळथाच्या पिठाच्या पिशवीत ठेवायची माझी हिंमत नाही.

तुझा,
बाबा