‘जिन’चे ‘जीन’ करू नका

संपादक महोदय,

‘जिन, जियान, आझादी’ या कुर्दी घोषणेवरच्या लेखात ‘जिन’ म्हणजे स्त्री हा शब्द ‘जियान’ म्हणजे जीवन यावरून आल्याचे म्हटले आहे. व्युत्पत्ती सुंदर वाटते, पण ती चुकीची आहे.

‘जिन’चे गोत ऋग्वेदातल्या ‘जनि’शी (स्त्री, पत्नी) जुळते. अवेस्ता या पारशांच्या धर्मग्रंथातला ‘जइनि’, फारसी ‘झन’, ग्रीक ‘ग्युने’, इंग्रजी ‘क्वीन’ ही त्याच घरातली. ‘जियान’ मात्र ‘जीव्’ धातूच्या कुळातला. दोन्ही मुळांचा आद्य व्यंजनध्वनी एकच होता, म्हणून कुर्दीत दोघांची सुरुवात सारखी झाली. साम्य तेवढेच.

मराठी माणसाला आणखी एक मोह होतो: जनि म्हणजे जन्म देणारी. संस्कृतात ‘जनि’ आणि ‘जन्म’ या दोन्हींत ज आल्याने तसे वाटते. पण मुळात हे दोन वेगळे ध्वनी होते, आणि कुर्दीने ते वेगळेच राखले. जन्मणे, जन्म देणे याला तिथे ‘झायीन’ म्हणतात, आणि त्यातला झ ‘आझादी’तला. ‘जिन’ त्या मुळातून आला असता, तर त्यालाही हाच झ लागला असता. फारसीत झन, झिंदगी, झादन (जन्मणे) असे सगळेच झ झाल्याने तिथे हा उलगडा होत नाही. आपला ‘जनानखाना’ याच फारसी ‘झन’वरून आला.

घोळ वाढतो तो छपाईत. कुर्दी भाषाभ्यासक जलादत बदिरखान यांनी 1932 मध्ये दमास्कसहून काढलेल्या ‘हावार’ नियतकालिकातून कुर्मांजी या कुर्दी बोलीची रोमन लिपी रुळवली. तिच्यात ऱ्हस्व इ उघडा (i) आणि दीर्घ ईच्या डोक्यावर टोपी (î). टोपीविना ‘जिन’ म्हणजे स्त्री. टोपी घातली की ‘जीन’, म्हणजे जगणे! आपल्याकडे अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार दीर्घ लिहायचा नियम आहे. मुद्रितशोधकाने तो इथे इमानाने लावला की ‘स्त्री’चे ‘जगणे’ होते आणि खोट्या व्युत्पत्तीला आयता पुरावा मिळतो. तेव्हा इथे वेलांटी पहिलीच हवी.

उच्चार ‘जीव’मधल्या जसारखा नाही. इंग्रजी ‘प्लेझर’, ‘मेझर’मधला घर्षक ध्वनी आहे तो. त्यासाठी मराठी वर्णमालेत अक्षर नाही. ‘झिन’ लिहिल्यास वर सांगितलेला फरकच पुसला जातो, म्हणून ‘जिन’ लिहून उच्चार एकदा कंसात द्यावा. अर्थही नुसता ‘स्त्री’ नाही: ‘जिना मिन’ म्हणजे माझी बायको, ‘जिनबिरा’ भावजय, ‘जिनबाव’ सावत्र आई.

— एक वाचक