डिस्चार्जनंतरच्या गोळ्यांचे पैसे कोण देणार?

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री तथा रसायने व खते मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

मी महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी औषधांचे दुकान चालवतो. आयुष्मान कार्डावर अँजिओप्लास्टी झालेले रुग्ण डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणतात आणि पहिले एक-दोन महिने सगळी औषधे नेतात. त्यानंतर त्यांतले काही जण विचारू लागतात, "यातली महत्त्वाची गोळी कोणती? तेवढीच द्या." अ‍ॅस्पिरिन स्वस्त म्हणून ती चालू राहते, क्लोपिडोग्रेलची अर्धीच पट्टी कापून द्यावी लागते, आणि कोलेस्टेरॉलची गोळी पुढच्या बाजारावर ढकलली जाते.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसवला, तर अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे साधारणपणे वर्षभर घ्यावी लागतात, आणि ती मध्येच सोडल्यास स्टेंटमध्ये गुठळी होण्याचा धोका असतो, हे आपल्या खात्यातील डॉक्टरांना मी सांगायला नको. आयुष्मान भारत योजना मात्र डिस्चार्जनंतर १५ दिवसांपर्यंतच्याच औषधांचा खर्च उचलते. गुठळी होऊन तोच रुग्ण पुन्हा दाखल झाला, तर ५ लाखांच्या मर्यादेत तीच योजना दुसऱ्या अँजिओप्लास्टीचेही पैसे भरते. सरकारी तिजोरीच्या दृष्टीनेसुद्धा हा हिशेब उफराटा आहे.

खासगी विम्याची मुदत थोडी लांब असते, एवढाच फरक. कॅशलेसचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्याचा नियम विमा नियामकाने २०२४ मध्ये केला, हे चांगलेच झाले. परंतु हा सारा दिलासा रुग्णालयाच्या दारापर्यंतचा आहे.

किमतींबाबत सरकारने मनावर घेतले की काय होते, हे आम्ही पाहिले आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपयांच्या आसपास बांधली गेली, आणि २०१९ मध्ये कर्करोगाच्या ४२ औषधांवरील व्यापारी नफ्याला ३० टक्क्यांची मर्यादा आली. इतर औषधांचे काय? २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधाची कमाल किंमत उत्पादनखर्चावरून न ठरता बाजारातील ब्रँडच्या सरासरीवर विक्रेत्याचे १६ टक्के मिळवून ठरते, म्हणजे बाजारच महाग असेल तर मर्यादाही महागच राहते. त्या १६ टक्क्यांवर माझेही घर चालते, हे मी लपवत नाही. यादीबाहेरच्या औषधांची छापील किंमत तर कंपनीला दरवर्षी १० टक्क्यांपर्यंत वाढवता येते.

आरोग्य आणि औषधांच्या किमती ही दोन्ही खाती आज आपल्याकडे असल्यामुळे फाइल या मंत्रालयातून त्या मंत्रालयात फिरण्याचे कारण उरलेले नाही. अँजिओप्लास्टीच्या पॅकेजमध्येच वर्षभराच्या औषधांची तरतूद करावी. महाराष्ट्राच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत १२१ फॉलो-अप पॅकेजेस, म्हणजे उपचारानंतरच्या पाठपुराव्याची पॅकेजेस, ठेवली गेली, तेव्हा ही कल्पना नवीन नाही. मात्र गोळ्यांसाठी रुग्णाला दर महिन्याला जिल्ह्याच्या रुग्णालयापर्यंत एसटीने जावे लागू नये. त्या गोळ्या कार्ड दाखवून जवळच्या जनऔषधी केंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाव्यात. त्याचबरोबर व्यापारी नफ्यावरची ३० टक्क्यांची मर्यादा हृदयविकार आणि मधुमेहाच्या यादीबाहेरील औषधांनाही लावावी. त्यात आमचा नफा घटला, तरी माझी तक्रार असणार नाही.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता