जात्याचा खुंटा

अलिबाग,
श्रावणातला पहिला सोमवार

प्रिय एलिजा,
सप्रेम नमस्कार.

दीड वर्ष झाले, मी तुला पत्र लिहिले नाही आणि तुझा फोन आला तेव्हा उचललाही नाही. माझी प्रकृती बरी आहे, गुडघे दुखतात, साखर गोळ्यांवर आटोक्यात आहे; त्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे काही नाही. लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. पावसाळ्याआधी माळ्यावरची दादांची ट्रंक खाली काढली, तेव्हा तिच्या तळाशी तुझ्या आईने, म्हणजे मावशीने, माझ्या आईला पाठवलेली अकरा पत्रे सापडली. त्यातले एक १९५५ सालचे, इस्रायलमधल्या लोदहून आलेले, तुम्ही बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू, इथून निघालात त्याच्या दुसऱ्या वर्षीचे आहे. मी ते चार वेळा वाचले आणि चारही वेळा आपले ते भांडण आठवले, १९४८ मध्ये पॅलेस्टाइनमधल्या अरबांची घरे कशी सुटली यावरचे.

मावशी लिहिते की सरकारने दिलेले घर दगडी आहे, भिंती जाड आहेत, दारावर आपल्याला न वाचता येणारी अक्षरे कोरलेली आहेत आणि अंगणात अंजिराचे झाड आहे. मग ती जात्याविषयी लिहिते. काळ्या दगडाचे जाते घराच्या मागच्या बाजूला पालथे पडले होते, ते तिने धुऊन घेतले आणि तांदूळ त्यावर दळून पाहिले. पुढचे वाक्य तिच्याच शब्दांत देतो : "खुंटा कोणा बाईच्या हाताने गुळगुळीत झाला आहे, दळताना तिचा हात माझ्या हाताखाली आहे असे वाटते, ती बाई कुठे गेली हे मी यांना विचारले तर म्हणाले, विचारू नकोस."

तुला आठवत असेल, त्या दिवशी तू फोनवर म्हणालास, "आम्ही कुणाचे घर घेतले नाही. अरब नेत्यांनी रेडिओवरून सांगितले म्हणून ते आपणहून गेले." आणि मी तुला वसाहतवादी म्हणालो. शाळेत असताना आट्यापाट्यांत तू पाटीच्या बाहेर पाय टाकायचास आणि मी आरडाओरडा करायचो, त्याच आवाजात म्हणालो. तुझा नातू तेव्हा राखीव सैन्यात बोलावला गेला होता आणि मी तुला बाल्फोर शिकवत होतो, पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंना 'राष्ट्रीय घर' देऊ म्हणणारा ब्रिटिशांचा १९१७ चा जाहीरनामा. त्याबद्दल मी क्षमा मागतो. परंतु जे बोलायचे होते ते चुकीच्या दिवशी बोललो म्हणून ते चुकीचे ठरत नाही. म्हणून आज सावकाश लिहितो.

लोदपासून सुरुवात करतो, कारण तिथे वादाला फारशी जागा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाइनसाठीच्या १९४७ च्या फाळणी-योजनेत लिद्द, म्हणजे आजचे लोद, आणि शेजारचे रामला ही गावे अरब राज्याच्या वाट्याला होती. जुलै १९४८ मध्ये इस्रायली सैन्याने ती घेतली, १२ जुलैला गोळीबारात आणि मशिदीत शेकडो माणसे मेली, आणि त्याच दिवशी लिद्दच्या रहिवाशांना वयाचा विचार न करता तातडीने हाकलून लावण्याचा लेखी हुकूम निघाला. त्यावर सही यित्झाक राबिन यांची होती. दोन्ही गावांतून पन्नास ते सत्तर हजार माणसे गेली, त्यांत याफाहून आधीच पळून आलेलेही होते. लिद्दचे बहुतेक लोक जुलैच्या उन्हात रामल्लाहच्या दिशेने पायी गेले आणि वाटेत तहानेने मुले आणि म्हातारी माणसे मेली. राबिन यांनी पुढे आत्मचरित्रात हे लिहिले तेव्हा तो मजकूर इस्रायली सरकारच्या समितीने काढायला लावला आणि तो १९७९ मध्ये अमेरिकेतल्या वर्तमानपत्रात छापून आला. हे सांगणारा माणूस तुमचा शत्रू नव्हता, तुमचा पंतप्रधान होता.

रेडिओचे म्हणशील, तर बीबीसीने टिपून ठेवलेल्या १९४८ च्या प्रसारणांच्या नोंदी १९६० च्या सुमारास तपासल्या गेल्या आणि "घरे सोडून निघा" असा सरसकट आदेश त्यांत सापडला नाही. हैफामध्ये मात्र तू म्हणतोस त्याच्या जवळ जाणारे घडले : तिथल्या अरब पुढाऱ्यांनी शहर सोडायचे ठरवले आणि ज्यू महापौरांनी त्यांना राहण्याची विनवणी केली. हेही खरे आहे आणि माझ्या बाजूचे लोक ते सांगायचे टाळतात. एकेका गावाचा इतिहास वेगळा आहे. कुठे हुकूम, कुठे तोफा, कुठे दैर यासिन या अरब गावातल्या ९ एप्रिलच्या कत्तलीची बातमी, आणि त्यानंतर चारच दिवसांनी हदासा या ज्यूंच्या रुग्णालयाकडे निघालेल्या वाहनांच्या तांड्यावर अरबांनी केलेला हल्ला, ज्यात अठ्ठ्याहत्तर माणसे मेली. सुमारे सात लाख अरब बेघर झाले, चारशेहून अधिक गावे रिकामी झाली.

यामागे आधीपासूनची योजना होती की नाही, यावर इतिहासकार अजून भांडतात. बेनी मॉरिस यांनी इस्रायलचेच दप्तर उघडून सांगितले की हे युद्धातून घडले, आराखड्यातून नाही. इलान पाप्पे आणि त्यांच्याआधी वालिद खालिदी म्हणतात की ज्यू सैन्याची मार्च १९४८ ची 'दालेत' योजना हाच तो आराखडा. मी दोन्हीकडचे वाचले आणि माझे मत मॉरिस यांच्या बाजूला थोडे झुकते. तरी त्याच मॉरिस यांनी पुढे २००४ मध्ये ती हकालपट्टी अटळ होती असे म्हटले, तेव्हा पुरावा एक आणि निष्कर्ष दुसरा हे मला कळले. परंतु एलिजा, या वादाने एका गोष्टीला धक्का लागत नाही. माणूस घाबरून गेला, हाकलला गेला किंवा चार दिवसांसाठी नातेवाइकांकडे गेला, तरी युद्ध संपल्यावर त्याला परत येऊ द्यायचे नाही हे १९४८ च्या उन्हाळ्यात मंत्रिमंडळाने ठरवले. गेलेल्यांना कायमचे निर्वासित केले ते या निर्णयाने. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबरमध्ये १९४ क्रमांकाच्या ठरावाने परतीची सोय करायला सांगितले, आणि १९५० मध्ये इस्रायलात 'गैरहजर मालकां'च्या मालमत्तेचा कायदा झाला. त्या कायद्यानेच मावशीला ते घर मिळाले. आपल्याकडेही त्याच वर्षी निर्वासित-मालमत्तेचा कायदा झाला, कराचीच्या सिंध्यांना इथे घरे मिळाली आणि इथल्या मुसलमानांच्या घरांना नवे मालक मिळाले. त्यामुळे वरून बोलण्याचा अधिकार मला नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो. 'वसाहतवादी' हा शब्द मी सैल वापरला. वसाहत करणाऱ्याच्या मागे त्याचा देश असतो, परतीचे जहाज असते. १८९७ मध्ये बाझेलला पहिल्या झायनवादी परिषदेसाठी, म्हणजे ज्यूंसाठी पॅलेस्टाइनमध्ये घर मागायला, जमलेल्यांच्या मागे रशियातली जळालेली घरे होती. १९३८ मध्ये ज्यू निर्वासितांसाठी फ्रान्सातल्या एव्हियांला बत्तीस देश बसले आणि एक-दोन सोडले तर कुणीही दार उघडले नाही. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी पॅलेस्टाइनचे दारही जवळजवळ लावून घेतले. त्यानंतर युरोपात जे झाले ते तुला सांगायला नको. त्याच साली युरोपातल्या ज्यूंची बाजू ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी गांधीजींना पत्राने कळवली होती. गांधीजी म्हणाले होते की इंग्लंड जसे इंग्रजांचे तसे पॅलेस्टाइन अरबांचे, आणि मला ते आजही पटते. परंतु बुबर यांनी मांडलेल्या बाजूला त्यात उत्तर नाही, हे कबूल करायला मला ऐंशी वर्षे लागली.

झायनवाद म्हणजे एकच आवाज, असे तू आणि मी दोघेही धरून चाललो होतो. झायनवादी लेखक अहद हाआम १८९१ मध्येच लिहून गेले की ती भूमी रिकामी नाही आणि अरबांशी आपली माणसे उर्मटपणे वागतात. झायनवादी पुढारी जाबोतिन्स्की यांनी १९२३ मध्ये साफ सांगितले की कोणतीही स्थानिक जनता आपला देश राजीखुशीने देत नाही, म्हणून बळाची भिंत उभारावी लागेल. मला तो मार्ग मान्य नाही, पण समोर माणसे आहेत हे त्यांनी लपवले नाही. आणि बाल्फोरच्या जाहीरनाम्याला ब्रिटिश मंत्रिमंडळात सर्वांत कडाडून विरोध केला तो त्यातल्या एकमेव ज्यू मंत्र्याने, म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातल्या मॉंटेग्यूने! मॉंटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा पाठ करताना गुरुजींनी हे आपल्याला सांगितले असते तर वर्गात तू त्या दिवशी किती ऐटीत बसला असतास.

तुमचे जाणे तर यातल्या कशातच बसत नाही. नवगावच्या किनाऱ्याला लागल्यापासून इथे तुम्हाला कुणी छळले नाही. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गाव तुम्हाला ओळखत होते. तुम्ही प्रार्थनेतल्या यरुशलेमसाठी गेलात. आणि तिथे तुमच्या बहिणीच्या लग्नाला धर्मपीठाने अडवले, ती खरी ज्यू आहे का असे विचारले. १९६४ मध्ये तुम्ही यरुशलेमच्या रस्त्यावर बसलात तेव्हा कुठे संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत बरोबरीचे आहेत असे म्हटले. मावशीच्या दुसऱ्या पत्रात शेजारच्या खोलीतली बगदादची बाई आहे, जिला १९५१ मध्ये घर, दुकान, सगळे सोडून यावे लागले. अरब देश सोडावे लागलेल्या सुमारे आठ लाख ज्यूंकडे बोट दाखवून तू म्हणाला होतास, हिशेब फिटला. नाही फिटला. लिद्दच्या बाईने बगदादच्या बाईला हाकलले नव्हते. एका भिंतीच्या आड राहून मावशीला दोघींचे दुःख दिसले, आणि आपण दोघे एवढे शिकून एकेकीचीच बाजू घेऊन भांडलो.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात मारली गेलेली बाराशे माणसे आणि ओलीस नेलेली अडीचशे माणसे माझ्या बोलण्यात त्या दिवशी आली नाहीत, हे मला नंतर रात्री जाणवले. आज गाझात पन्नास हजारांहून अधिक मेलेले आहेत, आणि तिथले बहुसंख्य लोक १९४८ च्या निर्वासितांची मुले आणि नातवंडे आहेत, जवळजवळ सगळे पुन्हा बेघर झालेले. यात जात्याच्या त्या बाईचे कोणी असेल का, हा विचार मला सोडत नाही. मे २०२१ मध्ये तुमच्या लोदच्या गल्लीत दंगल झाली, सिनेगॉग जळाले, एक ज्यू आणि एक अरब मारला गेला, तेव्हा तूच मला म्हणाला होतास की समोरचा अरब दुकानदार रात्रभर तुझ्या दारात बसला होता. त्या रात्रीचा एलिजा मला ओळखीचा आहे.

नातू घरी परतला का? नातीचे लग्न ठरल्याचे तुझ्या चुलतभावाकडून कळले, आनंद झाला. डोळ्याचे ऑपरेशन टाळू नकोस. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नवीच्या, तुमच्या एलिया प्रेषिताच्या, घोड्यांच्या टापांपाशी मी मागच्या महिन्यात जाऊन आलो, तुझ्या नावाने नारळ ठेवला.

मावशीचे पत्र मूळच तुला पाठवावे असे मनात आहे, कारण ते तुझे आहे. टपालाचा भरवसा नाही म्हणून थांबलो आहे. तू म्हणशील तसे करीन. आणि एक कळव. तुम्ही ते दगडी घर सोडून इमारतीत राहायला गेलात, तेव्हा ते जाते बरोबर नेले होते की तिथेच अंगणात राहिले?

तुझाच,
मधू