लिदित्सेला चित्रे पाठवायची आहेत : कागद, रंग आणि थोडा वेळ द्या

सप्रेम नमस्कार.

चेक प्रजासत्ताकातल्या लिदित्से या खेड्यात दरवर्षी जगभरातल्या मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरते. भारतातली मुलेही त्यात भाग घेतात, पदके मिळवतात. यंदा आपल्या वाचनालयाच्या बालविभागातली मुले तिथे चित्रे पाठवणार आहेत. त्यासाठी हे आवाहन.

आधी गावाची ओळख, कारण शालेय नकाशात ते सापडत नाही. प्रागच्या वायव्येला साधारण २० किलोमीटरवर, चढउताराच्या शेतजमिनीत एक उथळ दरी आहे. तिच्यातून ओढा वाहतो. जुने गाव या दरीतच होते. कागदोपत्री पहिला उल्लेख १३१८ सालचा. पुढे शेजारच्या क्लादनोत कोळशाच्या खाणी आणि पोलादाचे कारखाने आले, तशी गावातली बरीच माणसे तिकडे कामाला जाऊ लागली. सेंट मार्टिनचे चर्च, शाळा, पाचशेच्या आसपास वस्ती. इतिहासात नाव निघावे असे तिथे काही घडत नव्हते.

२७ मे १९४२ रोजी प्रागमध्ये नाझी अधिकारी हाइड्रिखवर हल्ला झाला आणि ४ जूनला तो मेला. सूड उगवायला एक गाव हवे होते. लिदित्सेचा या हल्ल्याशी संबंध असल्याचा पुरावा नव्हता, तरी १० जूनला गावातच १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या. बायकांना राव्हेन्सब्र्यूकच्या छळछावणीत नेले. पोलंडमधल्या हेल्मनो इथे ८२ मुलांना विषारी वायूने मारले. युद्धानंतर १७ मुले परत आली. घरे जाळली, चर्च सुरुंगाने उडवले, कबरी उकरल्या, ओढ्याचा प्रवाहसुद्धा वळवला. हे सगळे करताना नाझींनी चित्रीकरणही केले. त्यांना त्यात लपवण्यासारखे काही वाटत नव्हते, हे मोठ्या मुलांना आवर्जून सांगायचे आहे.

त्याच वर्षी इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट इथे डॉक्टर आणि नगरसेवक बार्नेट स्ट्रॉस यांनी ‘लिदित्से जगेल’ अशी मोहीम उभारली. तिथल्या खाणकामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे काढले. कोळसा खणणाऱ्यांनी कोळसा खणणाऱ्यांच्या गावासाठी वर्गणी दिली! १९४७ मध्ये जुन्या जागेपासून थोड्याच अंतरावर नव्या गावठाणाची पायाभरणी झाली. दरी मात्र मोकळीच ठेवली आहे. गवत आणि चर्चच्या पायाचे दगड एवढेच तिथे दिसते. १९५५ मध्ये जुनी जागा आणि नवे गाव यांच्या मध्ये गुलाबांची बाग झाली, त्यासाठी अनेक देशांतून रोपे आली. शिल्पकार मारी उखितिलोवा यांनी १९६९ पासून त्या ८२ मुलांचे पुतळे घडवायला घेतले. १९८९ मध्ये त्या वारल्या; ते काम ब्राँझमध्ये उभे करण्याचे त्यांच्या पतीने तडीस नेले.

मुलांचे प्रदर्शन १९६७ पासून आहे, १९७३ पासून ते आंतरराष्ट्रीय झाले. दर वर्षी विषय वेगळा असतो. युद्धाचीच चित्रे काढा, असे कुणी सांगत नाही, आणि आम्हीही सांगणार नाही. आपल्या मुलांनी आपले गाव, ओढा, बाजार काढला तरी चालेल. फक्त एक अट आम्ही स्वतःवर घातली आहे : मोठ्यांनी गिरवून, सुधारून दिलेले चित्र पाकिटात जाणार नाही. बक्षिसासाठी तसे करण्याचा मोह होतो, हे सर्वांना ठाऊक आहे.

आता मागणी. जाड कार्ट्रिज कागद, पोस्टर कलर, ऑइल पेस्टल आणि बरे ब्रश लागतील. घरात पडून असलेले अर्धे डबेही चालतील, वाळलेले नकोत. भिंतीवर लावायला युरोपचा मोठा नकाशा कुणाकडे असल्यास द्यावा. परदेशी टपालखर्च मोठा आहे. त्यासाठी वाचनालयाच्या नावे धनादेश किंवा रोख रक्कम द्यावी, पावती मिळेल. उरलेली रक्कम बालविभागाच्या पुस्तकांसाठी वापरू आणि हिशेब फलकावर लावू.

पैशांपेक्षाही अधिक गरज माणसांची आहे. इलेमेंटरी-इंटरमिजिएटसाठी पिढ्यान्‌पिढ्या मुले तयार करणारे निवृत्त चित्रकला शिक्षक आपल्याच तालुक्यात आहेत. स्मरणचित्र कसे काढायचे हे त्यांच्याइतके कोण सांगणार? दिवाळीच्या सुट्टीत चार सकाळी त्यांनी मुलांसोबत बसावे, अशी विनंती आहे. चहा आमच्याकडे.

साहित्य दसऱ्यापर्यंत, संध्याकाळी वाचनालय उघडे असताना ग्रंथपालांकडे द्यावे. मुलांची नावे पालकांनी स्वतः येऊन नोंदवावीत. पाचवी ते नववीच्या मुलामुलींना प्रवेश आहे, शुल्क नाही.

आपले,
कार्यकारी मंडळ व बालविभाग