‘होईल सवय’ म्हणून कुत्र्याला गोंगाटात ओढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुत्रं आवाजाला घाबरतं म्हटलं की आपल्याकडं एकच सल्ला ठरलेला आहे : “न्या तसंच, व्हईल सवय.” रंकाळ्यावर सकाळी भेटणारे हेच सांगतात, गल्लीतले शेजारी हेच सांगतात आणि आयुष्यभर कुत्री पाळलेले जाणकारही हेच सांगतात. सांगणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, पण सल्ला चुकीचा आहे. तो पाळणाऱ्या घरांतली कुत्री पुढं पुढं पट्टा हातात घेतलेला दिसला तरी कॉटखाली जाऊन बसतात. म्हणून हे पत्र.

आमची चिंगी गावठी आहे. अंगानं दांडगी, गॅसची टाकी घेऊन कुणी आलं तरी अख्खी गल्ली डोक्यावर घेणारी. पण सायलेन्सर बदललेली एखादी बुलेट फाडकन बार काढत शेजारून गेली, की तिचं पोट जमिनीला टेकतं. कान मागं, शेपूट पायांत, आणि घराच्या दिशेनं तोंड करून ती अशी काही जोर लावते की नखांचा डांबरावर घासल्याचा आवाज येतो. अशा वेळी उकडलेल्या चिकनचा तुकडा अगदी नाकाशी धरला तरी तिला तो दिसत नाही. बघणारे हसतात, “एवढं मोठं कुत्रं आणि भित्रं!” म्हणतात. हसू देत.

चिकन नाकारलं, ही यातली खरी खूण. जे कुत्रं एरवी खाण्यासाठी जीव टाकतं, ते तोंड फिरवतं तेव्हा त्याची भीती शिकण्याच्या पलीकडं गेलेली असते. त्या अवस्थेत त्याला तिथंच उभं केलं, ओढलं किंवा दटावलं, तर ते एवढंच शिकतं की हा रस्ता धोक्याचा आणि पट्टा धरणारा माणूसही भरवशाचा नाही. पुढच्या वेळी ते आणखी अलीकडूनच बिथरतं. शिवाय त्याचे कान आपल्यासारखे नाहीत. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला 40,000 च्याही वरचं. आपल्या कानावर न पडणारंही बरंच काही त्याच्या कानावर पडत असतं.

सवय होते, पण ती लांबून. आवाज ऐकू येतो आहे आणि तरीही कुत्रं हुंगतंय, खातंय, आपल्याकडं बघतंय, एवढं अंतर शोधायचं. आमच्या फुलेवाडीत गळीत हंगामात उसाचे ट्रॅक्टर जातात, मागं दोन-दोन ट्रॉल्या आणि टेप फुल्ल. मुख्य रस्त्याच्या कडेला चिंगीला ते सोसत नाही. पण बरंच आत, बोळाच्या दुसऱ्या टोकाला उभं राहिलं की ती कान टवकारते आणि थांबते. तेवढ्यात तोंडात पनीरचा तुकडा. क्रम महत्त्वाचा : आधी आवाज, मग लगेच खाऊ. उलटं केलं तर खाऊ दिसला की आता काहीतरी वाजणार, असा अर्थ ती लावेल. खाऊही रोजच्या भाकरीचा नको, एरवी न मिळणारा हवा. ट्रॅक्टर गेला की खाऊ बंद. असं होता होता आवाज आला की घाबरण्याऐवजी कुत्रं आपल्या हाताकडं बघायला लागतं, आणि मग दोन पावलं पुढं सरकायचं. याला आठवडे लागतात, कधी महिनेही. मध्येच एखादा बार जवळ फुटला तर पुन्हा मागं यायचं, चिडायचं नाही. मोठा धसका बसला असेल तर पुढचे एक-दोन दिवस फिरणं सोडलं तरी काही बिघडत नाही. जुन्या टॉवेलात खाऊ गुंडाळून शोधायला दिला तर घरातही ते दमतं.

आणखी एक समजूत जाता जाता मोडून टाकायला हवी. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं तर त्याची भीती वाढते म्हणे. नाही वाढत. भीती ही काही बक्षीस मिळालं म्हणून वाढणारी खोड नव्हे. पायाला चिकटून बसायचं असेल तर बसू द्या, हात फिरवून घ्यायचा असेल तर फिरवा. फक्त आपण स्वतः घाबरंघुबरं व्हायचं नाही.

गळ्यातल्या पट्ट्यावर मात्र भिस्त ठेवू नका. दचकलेलं कुत्रं मागं सरकतं, मान काढून घेतं आणि धूम ठोकतं. मग दिवाळीत ‘हरवले आहे’ असे मेसेज फिरायला लागतात. छातीवरून बसणारा, अंगाला नीट बेतलेला हार्नेस घाला आणि त्यावर आपला फोन नंबर लिहा.

आजवर बिनघोर फिरणारं वयस्कर कुत्रं एकाएकी आवाजाला भ्यायला लागलं, तर आधी पशुवैद्याकडं न्या. सांधे दुखत असतील, कान दुखत असेल, तर दचकण्यानं ते दुखणं आणखी लागतं आणि भीती वाढते. भीती फार असेल तर औषधंही आहेत, पण ती डॉक्टरांनी ठरवायची आणि आवाज सुरू होण्याआधी द्यायची. माणसाच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देणारे महाभाग मी पाहिले आहेत. कुत्रं नुसतं लोळागोळा झालं म्हणजे त्याची भीती गेली, असं नसतं. शिवाय तो जिवाशी खेळ आहे.

आता शहराबद्दल. मिरवणुका बंद करा, असं म्हणणारा मी कोल्हापूरकर नव्हे. शाहू स्टेडियमवर फुटबॉलची मॅच असली की माझाही पाय घरात ठरत नाही, आणि कोणत्याही तालमीचा संघ जिंको, गाड्यांची रॅली निघणार हे मला ठाऊक आहे. सणावाराचा आवाज आधी माहीत असतो, त्या वेळा टाळता येतात. त्रिपुरारी पौर्णिमेला पंचगंगा घाटावर दीपोत्सव असतो, तेव्हा पहाटेही तिकडं कुत्रं न्यायचं नाही, एवढं कळतं. पण फाटके सायलेन्सर लावून कुठल्याही वारी, कुठल्याही गल्लीत बार काढणाऱ्यांचा कुठला सण असतो? मोटार वाहन कायद्यात त्यासाठी 10,000 रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कारवाई होते, सायलेन्सर जप्त झाल्याचे फोटोही छापून येतात. मग काही दिवसांनी पुन्हा तोच बार. हे सायलेन्सर विकणाऱ्या आणि बसवून देणाऱ्यांपर्यंत हात पोचल्याशिवाय ते थांबेल असं वाटत नाही. आणि याचा त्रास फक्त कुत्र्यांना होतो असंही नाही. तान्ही मुलं, आजारी माणसं यांना हार्नेस घालून बोळात नेता येत नाही.

आपल्या दैनिकाकडं एक मागणं आहे. ‘आज शहरात’ अशा छोट्या चौकटीत व्याख्यानं, प्रदर्शनं यांच्या वेळा येतात, त्यातच त्या दिवसाच्या मिरवणुका, रॅली आणि फुटबॉल सामने यांचा मार्ग आणि वेळ द्यावी. दोन ओळी पुरतील, पण शक्यतो आदल्या दिवशी, कारण आम्ही पट्टा घेऊन बाहेर पडतो तेव्हा पेपर अजून दारात पडलेला नसतो.

आपला,
एक वाचक
फुलेवाडी, कोल्हापूर