‘बस’च्या आधी ‘बघ’

संपादक महोदय,

फिरायला नेलेली पाळीव कुत्री लोकांच्या अंगावर धावून जातात, अशी तक्रार करणारी पत्रं आपल्या सदरात वाचली. तक्रार रास्त आहे, पण ‘पट्टा आवळून धरा’ हा त्यावर सुचवलेला उपाय मला मान्य नाही. समोर दुसरा कुत्रा दिसला की मानेला हिसका, असं रोज घडलं तर कुत्रा वेदनेचा संबंध त्या दुसऱ्या कुत्र्याशी जोडतो आणि पुढच्या वेळी जास्तच चवताळतो.

मी बरीच वर्षं कुत्री पाळते आहे आणि ओळखीच्यांच्या कुत्र्यांनाही शिकवते. माझा आग्रह असा की ‘बस’, ‘थांब’ वगैरेंच्या आधी ‘बघ’ शिकवावं. शब्द कानावर पडताच कुत्र्याने असेल ते सोडून आपल्या चेहऱ्याकडे पाहायचं. त्याचं लक्षच नसेल, तर पुढच्या आज्ञा कोणासाठी द्यायच्या?

सुरुवात घरातल्या शांत खोलीत करावी. आवडीच्या खाऊचा वाटाण्याएवढा तुकडा मुठीत घेऊन हात बाजूला लांब धरा. कुत्रा मूठ हुंगेल, चाटेल, पंजा मारेल. तुम्ही गप्प राहा. शेवटी ‘आता काय?’ म्हणून तो तुमच्या डोळ्यांकडे पाहील. त्याच क्षणी ‘शाब्बास’ म्हणा आणि खाऊ द्या. बहुतेकांची शाब्बासकी इथे उशिरा येते. तोवर कुत्र्याने मान फिरवलेली असते आणि बक्षीस मान फिरवल्याबद्दल मिळतं! तो आपणहून पाहू लागला की मगच ‘बघ’ हा शब्द जोडायचा आणि एकदाच उच्चारायचा. ‘बघ, बघ, अरे बघ ना’ असं चालू ठेवलं, तर तो शब्द त्याच्यासाठी पंख्याच्या घरघरीसारखा होतो. घरातल्या सगळ्यांनी तोच शब्द वापरावा, रागावताना मात्र कोणीही नाही.

मग अंगण, मग फाटक, मग रस्ता. दुसरा कुत्रा दिसत असूनही आपला कुत्रा खाऊ घेतो आहे, एवढं अंतर राखायचं. खाऊ नाकारू लागला की आपण फार जवळ गेलो, असं समजून मागे फिरावं.

ही सवय त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००३ साली माणसांनी वाढवलेले लांडगे आणि कुत्री यांच्यापुढे न सुटणारा पेच ठेवला. लांडगे आपलेच झटत राहिले, कुत्री मात्र लवकरच वळून माणसाच्या तोंडाकडे पाहू लागली. तरीही जबरदस्ती नको. कुत्र्यांमध्ये रोखून पाहणं म्हणजे धमकी. बुजऱ्या कुत्र्याची हनुवटी धरून तोंड वर करू नका, त्याच्यावर ओणवंही होऊ नका. बाजूला बसा, ओझरती नजर मिळाली तरी बक्षीस द्या.

शब्दासोबत हाताची खूणही शिकवावी. आमची आधीची कुत्री म्हातारपणी बहिरी झाली, तेव्हा खांद्याला बोट लावून खूण केली की ती पाहायची. शेवटपर्यंत तिला त्यावरच फिरवलं.

पिल्लं दत्तक देणाऱ्यांना आणि पशुवैद्यांना माझी विनंती आहे. पहिल्या लसीच्या वेळी पाच मिनिटं काढून मालकांकडून हे एकदा करून घ्या. बाजारातले टोचणारे पट्टे त्यांच्या हाती पडण्याआधी.

– एक श्वानप्रेमी वाचक